पू झाला!

केमो चालू असताना नखाशेजारचं सालपट ओढलं, हा माझा मूर्खपणा. बोट लाल झालं, पण पू धरला नाही म्हणून दोन दिवस कुणाला बोलले नाही, हा त्याहून मोठा. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि हॉस्पिटलवाल्यांनी मला या काचेच्या खोलीत कोंडलं.

"पू नाही ना, मग कशाला एवढं?" मी डॉक्टरबाईंशी भांडले. त्यांनी शांतपणे समजावलं. जंतू घुसले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, त्यांना गिळतात आणि बऱ्याचशा तिथेच मरतात. त्या मेलेल्या पेशींचाच पू होतो. "आंटीजी, आपके पास तो मरने के लिए भी सेल नहीं बचे."

केमोने सगळ्या खाल्ल्या होत्या. नव्या आल्या नाहीत आणि जंतू रक्तात पसरले, की माझा कारभार आटोपला. हे त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं.

नऊ दिवस झाले. खिडकी उघडत नाही. फुलं नाहीत, फळं नाहीत, घरचं वरण नाही. मुलगी, उत्तरा, काचेपलीकडून फोनवर बोलते. तीस वर्षं दिल्लीत मंत्रालयात लोकांना दाराबाहेर ताटकळत ठेवलं, आता दार माझ्यावरच बंद आहे. मी भयंकर घाबरले होते आणि सगळ्यांवर खेकसत होते.

आज सकाळी बोट ठणकायला लागलं. पाहते तर नखाच्या कडेला मोहरीएवढा पिवळा ठिपका. लगेच फोन उचलला.

"उत्तरा, पू झाला!"

"अच्छा! चलो, बरं झालं. पोट हलकं वाटतंय ना? सिस्टरला पाठवू का साफ करायला?"

करोल बागेत वाढलेली पोर, तिला बिचारीला 'पू' म्हणजे इंग्रजीतली शी, एवढंच माहीत.

"अगं मेले, बोटाला! पस, पस!"

ती उठून काचेजवळ आली. "आई, म्हणजे तुझे सेल्स आले?" आणि रडायलाच लागली.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. पेशी वाढत होत्या, पण दार इतक्यात उघडणार नव्हतं. डॉक्टरबाई पू काढायला सुई घेऊन आल्या, तेव्हा मी हात मागे घेतला.

"आज रहने दीजिए," मी म्हटलं.

त्यांना कारण मला सांगता येईना. नऊ दिवस वाटत होतं, आत मी एकटीच आहे. आणि इथे, या ठिपक्यात, माझ्यासाठी कुणी मरूनही गेलं होतं.