पाहुण्यांचं पाणी

मला एका जागी बसून राहता येत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. पण त्या एप्रिलमध्ये अकोल्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मी ज्या येरझाऱ्या घालत होते, त्या निव्वळ संतापाच्या होत्या. आत डॉक्टर महमूद पाच बाटल्या ओळीनं मांडून बसले होते आणि त्यांना हसू येत होतं.

१९६३ साल होतं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. तीन देशांच्या विद्यापीठांनी मिळून एक अभ्यास काढला होता. जमीन सोन्यासारखी पण पाणी खारं, अशा मुलखात माणसानं पुढची शंभर वर्षं कशी काढायची, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी आमचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा निवडला होता. पोलंडहून मातीचा एक अभ्यासक आला, त्याला आमचं ऊन सोसलं नाही, तो परत गेला. इजिप्तचे महमूद तेवढे टिकले. उंच, हाडकुळे, पन्नाशीचे. हिंदीत चार शब्द आणि इंग्रजीत फार बोलणारे. दुभाषी म्हणून कॉलेजनं मला त्यांच्या गळ्यात बांधलं होतं, किंवा त्यांना माझ्या.

अभ्यासाच्या शेवटी एका गावाला पावसाच्या पाण्याचं पक्कं तळं, वाळूची गाळणी आणि वस्तीत नळ असं सगळं करून द्यायचं ठरलं होतं. तिथं जमलं तर मग बाकीच्या गावांना. यादीत तीन गावं उरली होती आणि त्यात उमरी होतं. उमरी म्हणजे माझं गाव. आई-बाप गेल्यावर माझी थोरली बहीण माणिकताई तिथंच नांदत होती. निवड परवाच्या बैठकीत व्हायची होती.

"मिस सत्यवती, या ना," महमूदांनी हाक मारली. "तुमच्या गावचा चमत्कार बघा."

त्यांनी पहिल्या बाटलीत औषधाचे दोन थेंब टाकले. खारं पाणी असलं की या औषधानं ते ताकासारखं पांढरं होतं. इथं काही झालं नाही. दुसरी, तिसरी, पाचवी, सगळ्या नितळ.

"विहीर तपासली तर खारटच. आणि पाच घरांतल्या पिण्याच्या पाण्यात मीठ नाही. शिवाय पाचही पाणी एकसारखं. जणू एकाच नळाचं."

मला एका क्षणात सगळं कळलं, आणि असा राग आला की काय सांगू! नमुने घ्यायच्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी होती. माझ्याऐवजी अकोल्याचा एक विद्यार्थी त्यांच्याबरोबर गेला होता. महमूदांची पद्धत अशी की विहिरीशी थांबायचं नाही. विहिरीत काय आहे ते सरकारला ठाऊक आहे, माणसाच्या पोटात काय जातं ते बघायचं. म्हणून ते दारोदार गेले, बाटली पुढे केली आणि म्हणाले, पाणी द्या.

दारात आलेल्या माणसानं पाणी मागितलं, तर आमच्याकडे कोणतं पाणी देतात?

आमचे भाऊजी, पुंजाराम, रेल्वेत गँगमन. दोन कोसांवरच्या स्टेशनात गोड पाण्याचा नळ आहे. ड्यूटी संपली की ते एक डबा भरून खांद्यावर आणतात. ते पाणी ताईच्या घरात कोपऱ्यातल्या पितळी घागरीत जातं. ती पाहुण्यांची घागर. आमच्या वस्तीत कोणाकडेही पाहुणा आला की ताईकडून तांब्याभर गोड पाणी जातं. घरची माणसं, लेकरं, म्हातारी खारं पितात. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पोटात खडे होतात. पण पाहुण्याला खारं पाजलं असं आमच्या वस्तीत कधी झालं नाही.

आणि माणिकताईला स्वतःला मुतखडा आहे. कळ उठली की ती जात्याचा खुंटा धरून बसते. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गोडं पाणी भरपूर पीत जा, नाहीतर हे जिवावर बेतेल. ताई हो म्हणाली. घरी आली आणि रांजणातलं खारंच पीत राहिली. मी भांडून बघितलं, रडून बघितलं. ती ऐकेल तर ती माणिकताई कसली.

हे सगळं मी महमूदांना सांगितलं. ते हसायचे थांबले.

"पण बैठकीत मला आकडेच ठेवावे लागतील," ते म्हणाले. "या आकड्यांवर सगळे म्हणतील, उमरीला गोडं पाणी मिळतं, उमरी खोडा."

"मग उद्या चला. पुन्हा नमुने घेऊ."

"उद्या मला अहवाल लिहायचा आहे."

"अहवाल गाडीत लिहा!" मी असं काही ओरडले की खानसामा दारातून डोकावून गेला.

सकाळची पॅसेंजर नेहमीप्रमाणे सिग्नलला अडली. महमूद मांडीवर कागद ठेवून शांतपणे लिहीत होते. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. इंजिनाला हातानं ढकलता आलं असतं तर मी तेही केलं असतं. स्टेशनातून पुढं पायी निघालो तेव्हा ऊन चढलं होतं आणि काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या. मी पुढं आणि परदेशी पंडित मागं, लांब टांगांचा असूनही.

ताई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला. उठताना तिनं कमरेवर हात दाबला, आणि सरळ घरात शिरून पितळी घागरीवरचं झाकण काढलं.

"ताई, ते नको. यायले खारं पानी दे."

"काय म्हन्ते?"

"रांजणातलं दे. बाटलीत भरून दे. तुमी त्या दिवशी गोड पानी देल्लं, आता तळं दुसऱ्या गावाले चाललं."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला चोरी करायला सांगत होते. "पाहुन्याले खारं देऊ? डोस्कं फिरलं काय तुयं?"

बोलणं ऐकून शेजारच्या पार्वताबाई मावशी आल्या. त्यांच्यामागं चार बाया आल्या. मी सगळ्यांना समजावलं, तळं, नळ, बैठक. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि एकीनंही रांजणाला हात लावला नाही.

"तुमाले नळ पाह्यजे का नाही?" मी ओरडले.

"पाह्यजे ना," पार्वताबाई म्हणाल्या. "पन ऐक. तू लहान होती. त्या वक्ती आमाले विहिरीवर चढू देत नोते. पाटलाच्या दारी वंजळ धरून बसो, अन् ते वरून पानी ओतत. छप्पन साली आपन दीक्षा घेतली, आपली विहीर खंदली. खारी लागली, पन आपली हाय. आता सात समुंदरापलीकडचा मानूस आपल्या हातचं पानी मांगून राह्यला. आन् त्याले खारं देऊ? त्यानं घरी जाऊन काय सांगावं, का उमरीच्या बुद्धाच्या लोकायनं मले मीठ पाजलं?"

राग तसाच होता, पण आता तो कोणावर काढावा ते समजेना. मी ही वस्ती सोडून कॉलेजात गेले तेव्हा ते ओंजळीतलं पाणी मागं टाकून गेले होते. या बायांनी ते विसरून चालणार नव्हतं, कारण त्या इथंच राहत होत्या.

"त्या काय म्हणतात?" महमूदांनी विचारलं.

मी सांगितलं, शब्दन् शब्द. ते बाजेवर बसले. मग म्हणाले, "आमचं गाव समुद्राजवळ. तिथलंही पाणी खारट. नाईलचं पाणी गाढवावरून यायचं, आणि आई ते एका मडक्यात ठेवायची. आम्हा भावंडांना हात लावायची मनाई. मी आणि माझा भाऊ मनोमन म्हणायचो, आपण पाहुणे कधी होणार?"

मी हे बायांना सांगितलं. ताई पहिल्यांदा हसली.

"त्यांना विचारा," महमूद म्हणाले, "या गावात खारं पाणी कोणाला मिळतं?"

"घरच्याले," पार्वताबाई म्हणाल्या.

"मग मला घरचा व्हायला काय करावं लागेल?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. मग मिश्कीलपणानं म्हणाल्या, "घरचा मानूस बाजीवर बसून पानी मांगत नाही बावा. दोर-बादली घेते आन् विहिरीवर जाते."

मी सांगून संपायच्या आत महमूद उठले होते. त्यांनी ओसरीवरची बादली आणि दोर उचलला आणि विहिरीकडे चालू लागले. सगळी वस्ती मागं. त्यांनी बादली सोडली ती आडवीच पडली आणि पाण्यावर तरंगत राहिली. बायांना हसू आवरेना. "झटका द्या, झटका!" पार्वताबाई ओरडल्या. तिसऱ्या खेपेला बादली भरून वर आली. महमूदांनी ओंजळ केली. पार्वताबाई पुढं झाल्या, त्यांनी महमूदांची ओंजळ हलकेच खाली केली, आणि आपल्या हातातला पितळी गडवा भरून त्यांच्या हातात दिला.

"असं पी," त्या म्हणाल्या.

महमूदांनी गडवा रिकामा केला. चेहरा असा झाला की जणू कच्ची चिंच खाल्ली. मग भिजलेले हात पुढं करून ते म्हणाले, "साबून?"

हा शब्द भाषांतर न करता सगळ्यांना समजला. कोणीतरी तुकडा आणून दिला. ते चोळत राहिले, चोळत राहिले, फेस काही येईना. "नाही येत बाप्पा!" बाया एका सुरात म्हणाल्या, आणि आता त्या लाजत नव्हत्या, आपलं दुखणं घरच्या माणसाला दाखवावं तशा बोलत होत्या. एकीनं न शिजलेली डाळ आणून दाखवली. एकीनं लेकाचे डागाळलेले दात दाखवले. बाटल्या आपोआप भरत गेल्या, ज्याच्या त्याच्या रांजणातून. महमूदांनी तिथंच विहिरीच्या काठावर औषध टाकलं. एकामागून एक बाटल्या पांढऱ्याफटक झाल्या. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. आपलं पाणी खारं निघालं म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं मी तेव्हाच पाहिली.

"उमरी यादीत राहील," महमूद म्हणाले. "आकडे आता खरं बोलतात."

गाडी पकडायची होती. महमूद पुढं झाले, पार्वताबाई त्यांना वाट दाखवायला निघाल्या. मी ताईच्या घरात पिशवी घ्यायला शिरले. आत शिरले तर ताई जात्याशी वाकून बसलेली. ओठ आवळलेले, कपाळावर घाम.

"ताई!"

"काही नाही. जाते आता." कळ सरली तशी ती भिंतीला धरून उठली, कोपऱ्यात गेली आणि पितळी घागरीतून तांब्या भरून माझ्यापुढं धरला. "पी. उन्हाचं जायाचं हाय तुले."

"मले कायले? मले खारं दे."

"तुले?" तिला खरंच नवल वाटलं. "तू तं पाहुनी. आली का जाते."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते. इतकी वर्षं मी या घरात येत होते, आणि दर वेळी गोडच पाणी पीत होते, आणि मला वाटत होतं मी घरी आले आहे.

"तळं होईस्तोवर तरी हे पी," मी म्हटलं. "तळ्याले दोन पावसाळे लागतीन. तुयाजवळ तेवढे हायत का?"

"लोकायच्या पाहुन्याचं पानी मी पिऊ? वस्ती काय म्हनीन?"

वाद घालून उपयोग नव्हता. त्या दिवशी मी तेवढं शिकले होते. मी तांब्या घेतला, तोंडाला लावला, एकच घोट प्याले आणि तिच्यासमोर खाली ठेवला.

ताई तांब्याकडे बघत राहिली. उष्टं पाणी पाहुण्यांच्या घागरीत परत जात नाही. आणि खारपाणपट्ट्यात गोडं पाणी कोणी अंगणात फेकत नाही, जीव गेला तरी. तिनं माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"लबाड!" ती म्हणाली. "कॉलेजात हेच शिकवतेत तुले?"

"मी दर ऐतवारी येईन," मी म्हटलं. "दर वक्ती एकच घोट पिईन. मंग पाहू कोन पाहुनं हाय ते."

बाहेरून महमूदांची हाक आली. गाडी चुकणार होती. मी जागची हलले नाही. ताईनं तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि प्यायला लागली. हळूहळू नाही, घटाघटा, डोळे मिटून. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, तेही तिनं पालथ्या हातानं पुसून चाटलं. किती तहानलेली होती माझी बहीण! मला रडू आवरेना.

"ताई," मी म्हटलं, "गोड हाय ना?"

तिनं तांब्या तोंडापासून जरासा काढला.

"बोलू नको," ती म्हणाली. "पिऊ दे."