दुसऱ्यांदा न वाकलेली पिन

मित्रांनो, मी एक जुनी पिन आहे. कागद टाचायची नव्हे आणि केसांत खोचायची तर मुळीच नव्हे! मी गाडीच्या स्टिअरिंगमधली पिन. एक डोकं, दोन पाय आणि स्वभाव जरा तिरसट.

कारखान्यात तार दुमडून मला घडवलं. पुढे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकावर माझी नेमणूक झाली. तिथे एक नट असतो, डोक्यावर खाचा असलेला. तो मोजून आवळतात. मग त्याच्या खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून मला आरपार घालतात आणि माझे पाय दोन बाजूंना वाकवतात. नट उलटा फिरायला निघाला की मी आडवी! किती खड्डे आले, किती चिखल आला. मी नटाला म्हणायचे, "हल बघू!" नाही हलला. लोकांनी गाडीच्या काचा चमकवल्या, हॉर्नचंसुद्धा कौतुक केलं, माझ्याकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू?

एक दिवस दांड्याच्या त्या टोकाच्या सांध्यावरचं रबर फाटलं आणि गाडी गॅरेजमध्ये आली. गॅरेज एका बहीण-भावाचं, गाडी त्यांच्या आत्याची. भावाने मला उपसून ट्रेमध्ये टाकलं, रबर बदललं आणि टॉर्क पान्याने नट आवळला. ठरलेला जोर लागताच पाना 'कट्' असा वाजला. पण खाच आणि भोक काही समोरासमोर येईनात.

आत्या दारात येरझाऱ्या घालत होती. बाकावर आजी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"अरे, आटपा की! आईला घेऊन अख्खा घाट उतरायचाय मला."

"झालंच, आत्या," असं म्हणत भावाने नट जरासा मागे घ्यायला पाना लावला.

"दादा, मागे नको!" बहीण ओरडली. "ढिला राहील तो. पुढच्या खाचेपर्यंत आवळ."

"अगं, केसभराचा तर प्रश्न आहे."

"मग केसभर पुढे घे!"

तोंड वाकडं करत त्याने नट आणखी आवळला. खाच जुळली. आता पिन हवी. नव्या पिनांचा डबा उघडला, तर रिकामा! दुकान बाजाराच्या पार पलीकडे. बहीण चपला शोधायला वळली, तेवढ्यात भावाने मला उचललं आणि पकडीने माझे पाय सरळ केले.

"ही काय, ठणठणीत आहे! हीच घालतो."

आयुष्यातलं पहिलं कौतुक! क्षणभर मी सुखावले. भंगारात जायची वेळ आलेली आणि हा मला पुन्हा कामावर घेत होता. कुणाला नको असेल? पण एकदा वाकून सरळ केलेल्या माझ्या गुडघ्यात चीर होती. आज कशीबशी टिकले असते आणि घाटातल्या एखाद्या वळणावर तुटले असते. मग नट हळूहळू निघाला असता. हातातलं स्टिअरिंग वळलं असतं आणि चाक वळलं नसतं.

नाही म्हणजे नाही! पाय वाकवायला त्याने पकड दाबली आणि मी तिथेच कडकन मोडले. कुणी योगायोग म्हणेल. मी हट्ट म्हणते.

भावाने माझा तुटका पाय तळहातावर घेतला. मग त्याने बाकावरच्या आजीकडे पाहिलं.

"आत्या, बस जरा. पिन आणायला मीच जातो."

"अरे, एवढ्याशा पिनेसाठी?"

"हो. एवढ्याशा पिनेसाठी."

नवी पिन आली, बसली, वाकली. आजीला मागच्या सीटवर बसवून आत्या घाटाकडे निघाली. मी भंगाराच्या डब्यात पडले आहे आणि मला त्याची तिळमात्र लाज नाही.

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, "आम्हाला जपा." मी विनवणार नाही, बजावणार आहे. मला जपू नका! सरळ करून पुन्हा घालू नका, माझी कीव करू नका, खुशाल फेकून द्या. जपायचंच असेल, तर मागच्या सीटवरच्या आजीला जपा.