आचियाने हात लावलेला सोटा

मी सोटा बोलतोय. रानातून ढोरं हाकणारा नव्हे हं! नाना अदुसेई आमच्या असांते लोकांच्या गावाचे राजे, त्यांच्या दरबारातला मी, सोन्याचा वर्ख चढवलेला. सुताराने माझ्या डोक्यावर एक कोंबडा कोरला आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेली कोंबडी. कोंबड्याची चोच उघडी, कोंबडीची मिटलेली. सुतार शहाणा होता.

आमच्याकडे नानांशी कुणी थेट बोलत नाही. नाना चार हातांच्या अंतरावर बसलेले असतात, कान शाबूत असतात, तरी ऐकू येत नाही म्हणजे नाही. बोलायचं ते मला धरणाऱ्या अप्राकूशी. तो ते शब्द धुऊनपुसून पुढे ठेवतो, मग नानांना ऐकू येतं. रेडिओवर फुटबॉल लागला की मात्र हेच नाना रेडिओशी थेट भांडतात. तेव्हा मी भिंतीकडे बघतो.

अप्राकू आधी अंगावरचं कापड बघतो. रेशमी केंटे पांघरलेला माणूस नुसता 'हं' म्हणाला, तरी त्याचं अर्ध्या तासाचं भाषण होतं. विटक्या लुगड्यातली बाई अर्धा तास बोलली, की त्याचं 'हं' होतं.

आचियाचं तेच झालं. तिचा नवरा येबोआ वारला. आमच्यात पुरुषाचं जे असेल ते बहिणीच्या पोराला जातं. चाळिसावा दिवस उजाडायच्या आत भाचा, नाव त्याचं बोआची, कोकोच्या बागेत येऊन उभा. "मामी, पसारा आवरा आता."

मामी आली दरबारात. "अप्राकूदादा, नानांना सांगा. रान मी तोडलं. पोर पाठीला बांधून सहाशे रोपं मी लावली. येबोआ तेव्हा ताडी पिऊन कुठे लोळत होता ते गावाला ठाऊक आहे. झाडं माझी आहेत."

अप्राकूने मला जमिनीवर आपटलं. "नाना, ही बाई म्हणते, नवऱ्याच्या कष्टांना आपला हात लागला, यातच ती धन्य आहे."

"असं कधी म्हणाले मी?"

"गप गं! नानांनी अजून तुझं ऐकलेलं नाही."

मग बोआची नुसता खाकरला. अप्राकू लगेच, "नाना, हा गुणी मुलगा म्हणतो, मामीला मी कधी उपाशी ठेवणार नाही." बोआची स्वतःच चमकला.

निकालाआधी पंचांनी बाहेर जाऊन म्हातारीचा सल्ला घ्यायचा, ही आमची रीत. गंमत सांगू? म्हातारी कुणी नसतेच. सहा बाप्ये सावरीच्या झाडामागे गेले, दोघांनी लघवी उरकली, एकाने कोलाचं बी चघळलं आणि परत आले.

"म्हातारी म्हणते, झाडं पुरुषाची."

आचिया हसायलाच लागली. "दाखवा की मला ही म्हातारी! आयुष्यात एक तरी खड्डा खणलाय का, विचारते तिला." आणि तिने मला अप्राकूच्या हातातून हिसकावलं. "नाना, झाडं माझी आहेत!"

बाईचा हात मला पहिल्यांदाच लागला. अप्राकूच्या दुप्पट खरखरीत. नानांची पापणी लवली. ऐकलं होतं त्यांनी. मग ते अप्राकूच्या कानाला लागले.

"नाना म्हणतात, सोटा बाटला. मेंढी दे."

झाडांचा विषय तिथेच मिटला. तिची एकुलती एक मेंढी, तीही गाभण, माझ्यासमोर कापली. रक्ताने मला न्हाऊ घातलं. काय लकाकलो मी! सहा जणांनी रस्सा ओरपला. म्हातारीच्या नावाचा वाटा काढला होता, तोही त्यांनीच संपवला.

आता माझा वर्ख सुटत चाललाय, बुडाला वाळवी लागलीय. जायच्या आधी एकच विनवणी, बायांनो: तक्रार घेऊन याल तेव्हा मेंढी बरोबरच आणा. तेवढाच हेलपाटा वाचेल.

परवा नानांची स्वारी त्या बागेवरून गेली. आचिया बोआचीची मजूर म्हणून स्वतः लावलेल्या झाडांच्या शेंगा फोडत होती. नाना थांबले, अप्राकूला म्हणाले, "विचार, बाई बरी आहे ना?"

तिने मान वर केली नाही. "सांगा, मेली."

अप्राकूने मला आपटलं. "नाना, ती म्हणते, आपल्या कृपेने सगळं उत्तम आहे."

नाना चार हातांवर होते. त्यांनी समाधानाने मान डोलावली.