तिसऱ्या रांगेतली जागा

आमच्या मंडळाच्या मैफलींना तिकीट नसतं, त्यामुळे खुर्च्यांवर नंबरही नसतात. दार उघडतं पावणेपाचला आणि साडेचारपासून दादरमधले तमाम गुडघेदुखीवाले जिन्यात उभे असतात. दार उघडलं की सगळ्यांचे गुडघे बरे होतात. रुमाल, चष्म्याचं घर, घडी घातलेला पेपर, जे हाताला लागेल ते खुर्चीवर पडतं आणि शेजारच्यासाठी जागा धरली जाते. याचा एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडताना मी कुणाला पाहिलेलं नाही. तानपुरे जुळून पहिला सा लागेपर्यंत धरलेली जागा धरलेलीच. त्यानंतर ज्याची त्याची.

हा नियम मी मोसमभर कांतासाठी पाळला आणि मार्चमध्ये मोडला.

कांता मला नोव्हेंबरातल्या पहिल्या मैफलीत भेटली. गायक मुलतानी गात होते. माझ्या शेजारची ठेंगणी बाई डोळे मिटून हळूच म्हणाली, "आली." पुढच्याच क्षणी गायकांनी अशी काही जागा घेतली की अख्ख्या सभागृहातून "वा" आलं. मला राग आला. मी सहा वर्षं गाणं शिकलेली, परीक्षा दिलेली, आणि स्वरांचं ते वळण येताना मला दिसलं नव्हतं. मध्यंतरात मी तिला शिकवायला गेले.

"हा मुलतानी. रिषभ कोमल, मध्यम तीव्र."

"असेल," ती म्हणाली. "मला नावं नाय येत, ताई. बाबा पेटी वाजवायचे, भीमगीतांच्या पार्टीत. त्यांच्या बाजूला बसून ऐकायची, तेवढंच."

महापालिकेच्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं नर्स होती ती. परळला राहते. नवरा दोन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. सून प्रिती मॉलमध्ये कामाला, रविवारी साडेचारला सुटते. ती घरी आली की मग कांता निघणार, बस पकडणार आणि मैफल सुरू व्हायला दहा मिनिटं असताना धापा टाकत पोचणार. तोवर चांगल्या खुर्च्या कशाला उरतात. मी हाकेच्या अंतरावर राहते, म्हणून दुसऱ्या मैफलीपासून मीच म्हटलं, "मी धरते तुमच्यासाठी." डिसेंबरपर्यंत आम्ही अगं-तुगंवर आलो होतो.

मोसम छान गेला. गिरगावात सतार ऐकली, परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तबला ऐकला. कांता मांडीवर ताल धरत नाही. स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसते, पेशंटची नाडी बघावी तशी, आणि सम कधी चुकत नाही. मी मात्र जानेवारीत 'हा पूर्वी राग' म्हणून तिला सगळं समजावून सांगितलं आणि गायिकेने शेवटी माइकवर सांगितलं की आत्ता पूरिया धनाश्री झाला. कांताने पिशवीतून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली.

मी तशी फटकळ आहे, स्वतःबद्दलही आडपडदा ठेवत नाही. माझा जन्म लालबागचा. वडील मालवणहून येऊन गिरणीत लागले होते, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. लग्नानंतर शिवाजी पार्कला आले आणि चाळीस वर्षं इथलीच असल्यासारखी वागले. मंडळाची सेक्रेटरी नम्रता माझ्या गाण्याच्या सरांची मुलगी. तिच्या कमिटीवर आपल्याला घ्यावं, स्टेजच्या बाजूला उभं राहून आपणही पाहुण्यांना "या, या" म्हणावं, अशी माझी फार जुनी इच्छा होती. फेब्रुवारीत नम्रताने विचारलं, "तुमच्या शेजारी त्या बसतात, त्यांचं आडनाव काय हो?" मी म्हटलं, "आठवत नाही." आठवत होतं. कांबळे. सांगायला काय हरकत होती, हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही.

मोसमाची शेवटची मैफल गिरगावातल्या एका वयोवृद्ध गायिकेची होती. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. ब्याऐंशी वर्षांच्या, यानंतर जाहीर गाणार नाहीत असं ठरलेलं. कांता नोव्हेंबरपासून या एका दिवसाकडे डोळे लावून बसली होती. नर्सिंगला असताना ती मैत्रिणींबरोबर गिरगावात गणपती बघायला गेली होती. मंडपात शिरायलाही जागा नव्हती, म्हणून बाईंचं गाणं तिने रस्त्यावर, भोंग्याखाली उभं राहून ऐकलं.

"आवाज ऐकलाय गं," ती म्हणायची. "तोंड नाय बघितलं. इतकी वर्षं मी मनातच एक तोंड बनवून ठेवलंय. एकदा बघायचंय, बरोबर आहे का ते."

त्या दिवशी मी चारलाच जिन्यात उभी राहिले आणि तिसऱ्या रांगेत अगदी मधल्या दोन खुर्च्या पटकावल्या. तिच्या खुर्चीवर माझी शाल ठेवली. पाच वाजून दहा मिनिटांनी नम्रता आली, सोबत एक रेशमी साडीतल्या पाहुण्या. वाकून मला म्हणाली, "सुनेत्राताई, पुढच्या वर्षी तुम्ही कमिटीत हव्यात हां, मी आजच सगळ्यांशी बोललेय." मी हरखून गेले. तिने लगेच शालीकडे पाहिलं. "ही रिकामी आहे ना? यांना जरा समोर बसवायचंय. का तुमच्या त्या येणार आहेत?"

मी म्हटलं, "नाही नाही, रिकामीच आहे."

"त्या रागावणार नाहीत ना?"

"छे हो. इथलीच ओळख आहे, एवढंच."

आणि मी शाल उचलून मांडीवर घेतली. तानपुरे अजून गवसणीतच होते.

पुढचं सगळं मला लाज वाटावी इतकं स्पष्ट आठवतं. बाईंना दोघींनी धरून स्टेजवर आणलं, टाळ्या झाल्या, आणि मी मान वळवून मागे पाहिलं. दाराशी, खांबाजवळ, कांता उभी होती. पिशवी छातीशी धरलेली, केस विस्कटलेले. मागची माणसंसुद्धा भिंतीला टेकून उभी होती, इतकी गर्दी. मी उठायला हवं होतं. तिला माझ्या खुर्चीवर बसवून मी मागे जायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम. पण पाहुण्या माझ्याशी काहीतरी बोलत होत्या आणि मी त्यांना हसून उत्तर दिलं. पुन्हा वळले तेव्हा खांबाजवळ ती नव्हती. गेली, असं मला वाटलं. आणि मला सुटल्यासारखं झालं, हेही खरंच आहे.

गाणं मी ऐकलं नाही. बाई गात होत्या, लोक डोळे पुसत होते, आणि मी कांताला उद्या काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही बोलायच्या आतच तीच फोनवर म्हणाली, "काल नाय जमलं गं यायला. यांना बरं वाटत नव्हतं."

तिने माझ्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. निदान गप्प बसायचं, तर मी त्या वाटेने धावत सुटले. "अगंबाई. मी शेवटपर्यंत धरून ठेवली होती तुझी जागा. रिकामीच ठेवली."

"उगाच ठेवलीस. कुणाला तरी द्यायचीस," ती म्हणाली. मग विचारलं, "सांग की. दिसतात कशा गं?"

तिसऱ्या रांगेत, दहा हातांवर बसून मी दोन तास त्या बाईंचा चेहरा बघितला नव्हता. "साडी मोतिया रंगाची होती," मी म्हटलं.

"आणि तोंड?"

"कांता, मी तुला बघितलं. दारात."

"हो," ती म्हणाली. "मी आले तेव्हा तुमचं बोलणं चाललं होतं. तू शाल उचललीस ती बघितली मी. मग तू मागे वळलीस ना, तशी मी खांबाच्या पाठी झाले. म्हटलं, तुझं गाणं कशाला बिघडवा."

"मग गेलीस कधी?"

"गेले कुठे. तिथेच उभी होते, संपेपर्यंत."

"पण खांबामागून..."

"दिसत काय नव्हतं. पण ऐकू येत होतं चांगलं."

मी म्हटलं, चुकलं माझं. म्हटलं, मी हावरट आहे, मला कमिटीवर जायचं होतं. आडनावाचं मात्र तेव्हाही माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि "असू दे, असू दे," म्हणाली, इंजेक्शन टोचून झाल्यावर पेशंटला म्हणावं तसं. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला जरा हलकं वाटलं असतं.

"पाडव्याला पहाटे गिरगावात कार्यक्रम आहे," मी म्हटलं. "पहिल्या रांगेत धरते. येशील ना?"

"बघू," ती म्हणाली.

सबंध मोसमात कांता मला "बघू" असं कधी म्हणाली नव्हती. "येते" म्हणायची, आणि यायची.