बायजाची बिनदुखी दाढ

मी दाढ बोलतेय. बायजाची, वरची, उजवीकडची. मला किडकी म्हणाल तर खबरदार! वीस-पंचवीस वर्षं मी सुकी मासळी, तांदळाची भाकरी आणि बायजाचा राग, सगळं मुकाट्यानं चावलं.

दुखत होती ती तिच्या नवऱ्याची. दगडू मिठागरावरचा तगडा गडी, मिठाची भरली पाटी एका दमात डोक्यावर घ्यायचा. पण दाढ काढायचा विषय निघाला की तो मिठाच्या ढिगामागे दडायचा. चार दिवस पेजही घशाखाली उतरली नव्हती. गाल सुजून टम्म, अंगात ताप. शेजारचा पंढरी शिमग्यात अशाच सुजेनं गेला होता, म्हणून बायजानं आणखी वाट पाहिली नाही. बाजार करायला जाऊ म्हणत तिनं दगडूला होडीत बसवलं आणि ठाण्याला आणलं.

टेंभी नाक्यावर भिवा न्हावी दाढा काढायचा. त्याच्या हातातली सांडशी दिसताच दगडू एका बैलगाडीमागे दडला.

"दाढ कोणाची?" भिवानं विचारलं.

आता नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? लग्नातल्या उखाण्यातसुद्धा ती नावापाशी येऊन लाजून थांबली होती. ती म्हणाली, "आमच्या घरातली." आणि कोणती ते दाखवायला तिनं बोट घातलं स्वतःच्याच तोंडात, थेट माझ्यावर.

भिवा कामाचा माणूस. त्यानं पुढे काही विचारलंच नाही. मी पुष्कळ धरून ठेवलं, पण बाहेर आलेच.

"माझी नाय रं मेल्या, धन्याची!" बायजा रक्त थुंकत ओरडली.

"मंग नाव सांगायचं ना, बाय!"

हे पाहून दगडू धक्क्याकडे पळत सुटला. "मना काय झालेलं नाय!"

बायजाच्या डोळ्यांपुढे पंढरीची तिरडी आली. तिनं लाज, रीत, सगळं गुंडाळून ठेवलं.

"दगडूऽऽ! थांब!"

अख्खा नाका थबकला. दगडू गर्रकन वळला. बायकोच्या तोंडून आपलं नाव तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. त्यानं आ वासला तो मिटेचना. भिवानं धावत जाऊन त्या उघड्या तोंडात सांडशी घातली आणि काम उरकलं.

आता मी बायजाच्या पदराच्या गाठीत आहे, शेजारी ती कुजकी. तिचा वास सोसवत नाही. बायांनो, दुसऱ्याची दाढ दाखवताना बोट आपल्या तोंडात घालू नका, एवढंच माझं मागणं.

सूज उतरल्यावर दगडू पोटभर जेवला आणि हळूच म्हणाला, "लय दुखलं काय गं तुला?"

"छट्! काय पन नाय."

खोटं बोलली. तीन मुळं होती मला.