छाटणी एका फांदीची

मी ताम्हण बोलतोय. देवघरातलं तांब्याचं नव्हे हो! त्याला निदान रोज आंघोळ असते. मी ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या गेटाशेजारचं झाड. उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी लगडतो, आणि लोक माझ्याखाली उभे राहून फोटो काढतात. त्या फोटोत माझं डोकं नेहमी कापलेलं असतं. कापण्याची हौस माणसांना भारीच!

माझा जन्म उरणकडच्या एका नर्सरीतला. काळ्या पिशवीत वाढलो. तिथं काम करणारी पुतळा घरत आम्हा रोपांशी बोलत बोलत पाणी घालायची. एके दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ सामंत आणि कमिटीतल्या सुचित्राबाई झाड निवडायला आले. लग्नाला स्थळ बघायला आल्यासारखे आम्हाला खालीवर न्याहाळू लागले.

"सावली पाहिजे, पण पानांचा कचरा नको," दिनानाथ म्हणाले.

"फुलं पाहिजेत, पण गाड्यांवर पडायला नकोत," सुचित्राबाई म्हणाल्या. "आणि लवकर मोठं व्हायला हवं. पण फार मोठं नको."

पुतळानं कपाळावर हात मारला. "बाई, तुमाला झाड नको, छत्री पायजे!"

दिनानाथांचं मन शेजारच्या गुलमोहरावर बसलं होतं. पुतळानं विचारलं, "जागा किती हाय? वर वायरी हायत का? भिंत किती लांब?" कुणालाच ठाऊक नव्हतं. दिनानाथांनी वॉचमनला फोन लावला, त्यानं पावलांनी जागा मोजून सांगितली. पुतळा म्हणाली, "मग गुलमोहर नको. त्याची फांदी ठिसूळ, वाऱ्यानं मोडंल नि गाडीवर येल. यो ताम्हन न्या. बेतात वाढंल." निघताना तिनं पिशवीत गोल गोल फिरलेली माझी मुळं बोटांनी सोडवली. गुदगुल्या झाल्या, पण पाय मोकळे झाल्यासारखं वाटलं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. पाचव्या वर्षी मी पहिल्यांदा फुललो, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर माझेच फोटो. पुढे माझी एक फांदी दुसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाईंच्या खिडकीपर्यंत पोचली. मालतीबाई बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. फांदीवरून एक खार त्यांच्या घरात शिरली आणि वाळत घातलेल्या कुरडयांवर ताव मारून गेली. मालतीबाईंनी तीन पानी तक्रार लिहिली. अर्ज झाला, महापालिकेची परवानगीही आली.

गेल्या वर्षी फांदी कापायला झाडं तोडणारा सदू कोयता घेऊन आला तेव्हा चैत्र सरत आला होता. माझ्या शेंड्यांना कळ्या धरल्या होत्या. सदू म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. सगळंच वरून उडवतो, एकदम मोकळं! चार वर्षं बघायला नको."

"होऊन जाऊ दे," दिनानाथ म्हणाले.

सदूनं सुरुवात केली ती भलत्याच फांदीपासून, गेटाकडच्या. वरून दोन घाव घातले. अर्धी कापली गेलेली फांदी आपल्याच भारानं मोडली आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. मला ओरडता येत असतं, तर मुलुंडपर्यंत ऐकू गेलं असतं.

ओरडल्या त्या मालतीबाई. खिडकीतून! आणि मग चष्मा सावरत, हातात परवानगीचा कागद घेऊन धाडधाड खाली आल्या.

"सामंत, वाचा हे. छाटणी, फांदी एक, खिडकीकडची. एक म्हणजे किती?"

"अहो, पण तक्रार तुमचीच ना?"

"मी खिडकी मोकळी करा म्हटलं. झाडाचं मुंडन करा कुठे लिहिलंय? दाखवा!"

सदू खाली उतरला. दिनानाथांनी घाबरून नर्सरीला फोन लावला. दुपारी पुतळा आली, केस पांढरे झालेली, हातात करवत. माझं सोललेलं खोड तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. लोंबणारी साल तिनं हलक्या हातानं कापून टाकली. मग खिडकीकडच्या फांदीला दोर बांधून त्याचं टोक सदूच्या हातात दिलं.

"आदी खालून थोडं कापायचं," ती म्हणाली, "म्हंजे साल फाटत नाय. मंग जरा पुढं, वरून. फांदी खाली गेली का उरलेला खुंट काढायचा. पन खोडाजवळ ही सुजल्यासारखी गाठ हाय ना, तिला धक्का नाय लावायचा."

फांदी दोरावरून पाहुण्यासारखी सावकाश उतरली. मला खरंच फार दुखलं नाही. सदू म्हणाला, "मावशी, असं कुणी शिकवलंच नाही ओ आपल्याला."

"आता या जखमा भरतील ना?" मालतीबाईंनी विचारलं. "हळद लावू का?"

"नको. झाडाची जखम भरत नाय, बाई. झाड तिला आत ठेवतं नि वरून नवीन लाकूड चढवतं."

आज मी उरलेल्या फांद्यांवर फुललो आहे. खिडकीकडच्या कापावर नव्या सालीचं गोल कडं आलंय. गेटाकडची जखम मात्र अजून उघडी आहे, तिथे मुंग्यांची वर्दळ असते. त्या दिवशी तिथं नसलेल्या सुचित्राबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवून सदूचे दोन घाव साभिनय सांगतात.

माझी एवढीच विनंती. झाड आणण्याआधी जागा मोजा आणि कापण्याआधी कागद नीट वाचा. तुम्ही पुढच्या मीटिंगपर्यंत सगळं विसराल. मी तो घाव पोटात घेऊनच मोठा होणार आहे.