किटलीवरचे गुलाब

आईला पुरून आलो आणि भावाच्या, ईनॉकच्या, बैठकीत हॅम कापायला घेतलं, तेवढ्यात त्याची बायको लॅविनिया चांदीची किटली मिरवत आली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. किटलीवर गुलाब! पोटभर गुलाब, पानं, वेली, पार दांडीपर्यंत.

ही आमच्या पणजीची किटली. चांगली साधी, गुळगुळीत होती. पोटावर फक्त तीन अक्षरं: वर आडनावाचं, खाली पणजोबांचं आणि पणजीचं. आईनं अंथरूण धरलं, तेव्हा त्याखाली माझं, केझायाचं, अक्षर कोरून घेतलं. "नवरा नाही, मूल नाही, निदान किटली तरी तुझी," म्हणाली. मग किटली कपाटात गेली आणि किल्ली आईच्या उशीखाली. तिचं हगणं-मुतणं मी काढलं हो, ईनॉकनं नाही.

"माझं अक्षर कुठं गेलं रे?" मी भर पाहुण्यांत भावाला विचारलं.

"आईनंच आम्हाला दिली. गुलाबही तिनंच करून घेतले."

"मेलेल्या आईच्या नावावर खोटं बोलतोस? चोर कुठला!"

"वन्सं, हळू," लॅविनिया कुजबुजली. "चॅपलची माणसं बसलीत."

"बसू देत! स्टॅनिफर्थकाका, अक्षर तुम्हीच कोरलंत ना? सांगा ह्याला."

म्हाताऱ्या चांदीकारानं हातातली बशी खाली ठेवली.

"कोरलं मीच, पोरी. घालवलंही मीच. तू बाजारात गेलीस तेव्हा आईनं शेजारणीला धाडून मला बोलावलं. बिनलग्नाच्या मुलीचं अक्षर चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणाली. किटली ईनॉककडेच शोभेल. मी म्हटलं, घासून काढतो. तर म्हणाली, घासलेलं अक्षर तोंडाची वाफ धरली की दिसतं. वरून गुलाब ठोका, मागमूस राहायला नको."

ईनॉकनं मान खाली घातली. मेला हसला असता तरी परवडलं असतं. त्याला चोर म्हणायला माझी जीभ अडली नव्हती. आईला काय म्हणू?

"वन्सं, आजचा चहा तुम्हीच ओता," म्हणत लॅविनियानं किटली माझ्यापुढं सरकवली. कीव करत होती माझी.

मी ओतला, सगळ्यांना. सकाळपासून आईसाठी रडू दाबून धरलं होतं. आता दाबायला काही उरलंच नव्हतं.